पर्जन्यमापकातली काकवी

पर्जन्यमापकाच्या बाटलीत मी काकवी भरून ठेवली, आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस पडला.

चूक सांगायला एका ओळीत मावते. निस्तरायला सव्वा महिना लागला आणि सेवापुस्तकात ती लाल शाईने कायमची बसली. संपादकांनी माझ्याकडे 'आभाळाकडे बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हळव्या आठवणी' मागितल्या होत्या. हळवं माझ्याजवळ काही नाही. मला अजून राग येतो. लग्नकार्यात कोणी ओळख करून दिली, 'हे हवामानवाले', की समोरचा हटकून तोच विनोद करतो, 'म्हणजे तुम्ही ऊन म्हणालात की आम्ही छत्री घ्यायची!' आणि आपणच हसतो. मी त्याला विचारतो, बाबा रे, अंदाज चुकतो तेव्हा तो नेमका कुठे चुकतो, हे कधी विचारलंस का? तेवढ्यात त्याला पंगतीत श्रीखंड आलेलं दिसतं आणि तो सटकतो. तुमच्यापुढे श्रीखंड नाही. तेव्हा ऐकावं लागेल.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आकुर्डी तेव्हा साधं गाव होतं आणि गावाबाहेरच्या माळावर आमच्या खात्याचं छोटं निरीक्षण केंद्र होतं. कोणतं खातं ते विचारू नका. पेन्शन अजून तिथूनच येते. केंद्र म्हणजे तारेचं कुंपण, आत झडपांची पांढरी लाकडी पेटी, पेटीत चार थर्मामीटर, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, एक पर्जन्यमापक आणि शेजारच्या दोन खोल्यांत मी. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला सगळं वाचायचं, वहीत लिहायचं, आकड्यांच्या भाषेत तार तयार करायची आणि सायकल हाणत चिंचवड स्टेशनवर जाऊन ती पुण्याला पाठवायची. पुण्यात साहेब लोक ठिकठिकाणच्या तारा नकाशावर मांडत आणि अंदाज काढत. तो अंदाज सकाळी दहाच्या सुमाराला स्टेशनवर तारेने येई. मी तो उतरवून बाहेरच्या फळ्यावर लावी आणि अक्षरशत्रू मंडळींना वाचून दाखवी. फार ऐट होती मला त्या वाचनाची. आवाज लावून वाचत असे.

यातली गोम आताच सांगून ठेवतो. दहाला येणारा अंदाज आदल्या संध्याकाळच्या तारांवर बेतलेला असे. म्हणजे आज सकाळी आठला मी आभाळात काय पाहिलं, ते आजच्या कागदात नसे. ज्यात असे तो कागद उद्या येई. आणि छापील नियम होता : निरीक्षकाने निरीक्षण करावे, मत देऊ नये. डोळे माझे, तोंड त्यांचं.

आता पर्जन्यमापक. पाऊस शेरात किंवा घागरीत मोजत नाहीत, उंचीत मोजतात. पडलेलं पाणी जिरलं नाही, वाहून गेलं नाही, तर जमिनीवर किती इंच उभं राहील, तेवढा पाऊस. त्यासाठी जस्ताचा एक नळकांड्यासारखा डबा जमिनीत रोवलेला, वर नरसाळं आणि आत जाड काचेची बाटली. पावसाळ्यात हे यंत्र राजा. दिवाळी झाली की त्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही. पण नोंद रोज करायची. आज शून्य, उद्या शून्य. शंभरेक शून्यं लिहिली की माणसाच्या डोक्यातही एक शून्य तयार होतं. माझ्या झालं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. पवनेकाठी गुऱ्हाळ लागलं होतं. गुऱ्हाळवाला म्हणाला, "मास्तर, ताजी काकवी हाय, भांडं घिऊन या." एकट्या जिवाच्या घरात भांडी ती किती? खात्याची बाटली स्वच्छ, जाड, मोठ्या पोटाची. वर खात्याचंच नरसाळं. काकवी ओतायला याहून सोयीचं काय असणार? दोन्ही काढून नेली. उघड्या डब्यात पाली-उंदीर पडू नयेत म्हणून त्यावर एक घमेलं पालथं घातलं, वर दगड ठेवला. घमेलं खालच्या वीटभट्टीवरून मागून आणलेलं. झाला बंदोबस्त. रोज सकाळी भाकरी-काकवी खायची आणि शून्य लिहायचं.

ती वीटभट्टी ज्ञानू कुंभाराची. माझ्या माळाच्या उतारावर, नदीच्या अंगाला. ज्ञानू दिवसाला दहा शब्द बोलणारा. त्याचे उरलेले शब्द त्याची बायको गोदाबाई वापरत असे. तिचं माहेर मोशीचं, आणि मोशीची माणसं तोंडाने फाटकी असतात असं ती स्वतःच अभिमानाने सांगायची. पिंपरीकडे तेव्हा एक नवा कारखाना उठत होता, त्याच्या कामगारांच्या चाळींसाठी विटा पुरवायचा ठेका ज्ञानूला मिळालेला. जन्मातला पहिला मोठा ठेका. आठ जोडपी थापायला आणली होती. दिवसभर गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवायचा, साच्यात थापायचा, वीट पालथी करून उन्हात मांडायची. कच्ची वीट म्हणजे आकार दिलेला चिखल. भट्टीत जाईपर्यंत तिला एकच शत्रू, पाणी. म्हणून तर हे काम हिवाळ्यात करतात. ठेक्यात मुदतीची अट होती. मुदत चुकली तर ठेका भोसरीच्या दुसऱ्या भट्टीवाल्याला. सूट एकच : अवकाळी पाऊस झाला आणि त्याचा सरकारी दाखला आणला, तर मुदत वाढवून मिळेल.

आणि त्या आठवड्यात आभाळाने सगळं सांगितलं होतं, हेच मला सहन होत नाही! लपवलं काहीच नाही त्याने.

ढग होतो कसा, हे ज्ञानूच्या भट्टीवर बसूनही समजतं. हवेत पाण्याची वाफ असतेच, दिसत नाही इतकंच. हवा वर चढली की थंड होते, थंड झाली की तिला तेवढी वाफ पेलवत नाही, मग ती वाफ धुळीच्या, धुराच्या कणांना धरून थेंब होते. असे असंख्य थेंब म्हणजे ढग. हवा भसाभस वर उसळली तर उतू जाणाऱ्या दुधासारखा ढीग लागतो, तो राशिमेघ. मोठ्या प्रदेशावर हळूहळू चढली तर सायीसारखा थर धरतो, तो स्तरमेघ. आणि फार उंच गेली तर थेंबाऐवजी बर्फाचे कण होतात आणि पिंजाऱ्याच्या दुकानातून उडालेल्या कापसासारखे धागे दिसतात, ते तंतुमेघ. बाकी सगळी नावं या तिघांच्या सोयरिकीतून निघालेली.

आमच्याकडचा हिवाळा एरवी यातलं काहीच करत नाही. रात्री जमीन गार पडते, खाली थंड हवा साचते, वर तिच्यापेक्षा उबदार हवेचं झाकण बसतं. वर चढायला वाटच नाही. म्हणून थंडीच्या सकाळी भट्टीचा धूर सरळ जायचा नाही. झाडाएवढा चढायचा आणि मग पवनेवर चादरीसारखा आडवा पसरायचा. ही चादर दिसली की मी डोळे मिटून 'निरभ्र, कोरडे' लिहीत असे.

त्या मंगळवारी दुपारी पश्चिमेकडून तंतुमेघ आले. संध्याकाळी सूर्याभोवती खळं पडलं. खळं म्हणजे उंचावरच्या बर्फाच्या कणांतून ऊन मोडून येतं, त्याची कडी. बुधवारी सकाळी दव नाही. थंडी निम्मी पळालेली. ईशान्येचा कोरडा वारा गेला आणि बाण आग्नेयेकडे तोंड करून उभा. ओल्या फडक्याचा थर्मामीटर दमट हवा दाखवत होता. धुराची चादर गायब, धूर सरळ वर. आणि त्याच्या वर, आठातले सहा भाग आभाळ मधल्या उंचीच्या करड्या थराने झाकलेलं, सूर्य घासलेल्या काचेमागे ठेवल्यासारखा. यापेक्षा स्पष्ट आभाळाने काय बोलायचं? लेखी द्यायचं?

मी हे सगळं इमानेइतबारे आकड्यांत बसवलं आणि चिंचवडला गेलो. गोदाबाई तिथे आलीच होती, मिठामिरचीला. फळ्यापाशी थांबली.

"मास्तर, आभाळ आलंया. धूर बी सरळ चाललाय. इटा झाकू का? उसाचं पाचट हाय, पर झाकायचं म्हंजी आख्खा दिवस थापनं बंद. ह्ये म्हनत्यात मुदत जवळ आली."

तेवढ्यात तार आली. मी उतरवली. वाचली. आवाज लावून वाचली : "हवामान मुख्यतः कोरडे व आकाश निरभ्र राहील."

"आन् वर ह्ये काय हाय?" तिने बोट आभाळाकडे केलं.

माझ्या डोक्यावर ढग होता. माझ्या खिशात तो ढग लिहिलेल्या माझ्याच तारेची प्रत होती. आणि मी, खात्याचा निरीक्षक, काय म्हणालो? "अहो गोदाबाई, उंचावरचे ढग हे. पुण्याला नकाशे असतात. तिथली माणसं शिकलेली असतात. कागद कोरडं म्हणतो ना? मग थापा खुशाल."

थापल्या त्यांनी.

दुपारी साडेतीनला थराच्या पोटात राशी उसळली, काळीकुट्ट. चारला पाऊस सुरू झाला तो तासभर, धारा लावून. मी माळावरून पाहत होतो. सोळा माणसं आणि त्यांची पोरं पाचटाचे भारे घेऊन धावत होती. एक ओळ झाकेपर्यंत पुढची खाली बसायची. कच्ची वीट पडत नाही हो, ती नुसती खाली बसते. आधी कोपरे जातात, मग खांदे, मग वीट होती का चिखल होता ते कळत नाही. महिन्याचं थापण तासाभरात नदीच्या रंगाचं झालं.

पाचला मी पर्जन्यमापक वाचायला गेलो. घमेलं उचललं. आत ठणठणीत कोरडं. घमेल्याने काम चोख केलं होतं.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही तेव्हा कळत होतं. बाटली जागेवर नव्हती, सबब मोजमाप नाही, असं लिहायचं. मी लिहिलं शून्य. आणि वर स्वतःची समजूत घातली, यंत्र कोरडं होतं ना? मग नोंद खरीच आहे!

पुण्यात त्या दिवशी थेंब पडला नव्हता. आमच्या टापूत माझ्या शून्याशिवाय दुसरी नोंद नव्हती. आठवड्याने पुण्याहून आलेल्या टिपणात काय लिहिलं होतं माहीत आहे? 'बुधवारचा अंदाज पूर्णतः बरोबर.' का नसणार? त्यांच्या कागदाची साक्ष माझ्या कागदाने काढली, माझ्या कागदाची त्यांच्या. दोघांच्या मध्ये पाऊस पडून गेला तो कोणाच्या लेखी नाही.

ज्ञानू दाखल्यासाठी पुण्याला दोनदा चालत गेला. तिसऱ्या खेपेला त्याला एक इंग्रजी पत्र मिळालं. ते वाचून घ्यायला नवरा-बायको माझ्याकडेच आले. दुसरं कोण होतं इंग्रजी वाचणारं? मी कुंपणापाशी उभा राहून वाचलं. या वेळी आवाज लावला नाही. "सदर दिवशी सदर ठिकाणी पावसाची नोंद नाही. सबब दाखला देता येत नाही."

ज्ञानू खाली बसला. त्याच्या विटा बसल्या तसाच, आधी खांदे.

गोदाबाई म्हणाली, "पाऊस न्हाई? मंग आमच्या इटा काय कुत्र्यानं मुतून नेल्या? कुनी लिवलं हे? कोन मुडदा बसलाय तिथं?"

"मोठं ऑफिस आहे," मी म्हणालो.

"त्या हापिसाला कुनी सांगितलं पाऊस न्हाई म्हून?"

मी पेटीकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. ती मात्र माझ्यामागे पाहत होती.

"ह्ये घमेलं आमचं हाय," ती म्हणाली. "कडंचा पोचा मीच पाडलाय. हितं काय करतंय?"

कुंपणाचं दार लोटून ती आत गेली, दगड फेकला, घमेलं उचललं आणि रिकाम्या डब्यात वाकून पाहिलं. पावसाळ्यात माझ्या शेजारी उभी राहून तिने बाटलीतलं पाणी दहादा पाहिलं होतं. "बाटली?" मी घराकडे बोट केलं. ती घरात जाऊन बाटली घेऊन आली. तळाला चार चमचे काकवी उरली होती. तिने बाटली उन्हाकडे धरून निरखली, मग ज्ञानूला दाखवली. त्या दिवशीच्या दहा शब्दांतले ज्ञानूने दोन खर्च केले. म्हणाला, "अरं देवा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "आता?"

मग मी कामाचा प्रश्न विचारला, जो त्या संध्याकाळीच विचारायला हवा होता. पावसाआधी एखादं सरळ कडांचं भांडं उघड्यावर रिकामं होतं का? गोदाबाई म्हणाली, व्हतं की. पिठाचा पत्र्याचा चौकोनी डबा धुऊन उन्हात ठेवलेला. पाऊस थांबल्यावर त्यात पाणी दिसलं म्हणून तिने सवयीने बोटं घालून पाहिली. गाऱ्याला पाणी ती बोटांनीच मोजत असे. "दोन बोटं. वर अंगुळभर न्हाई, पर जरासं."

सरळ कडांचा डबा! अहो, पर्जन्यमापक म्हणजे दुसरं काय असतं? मी खात्याची पोलादी पट्टी आणली आणि गोदाबाईची दोन बोटं मोजली. वीट थापून थापून जाड झालेली बोटं. ज्ञानू अवघडून दुसरीकडे बघत उभा. दीड इंच भरली. त्याच दिवशी मी वहीतलं शून्य लाल शाईने खोडलं, सही केली आणि पुण्याला लिहिलं : बाटली जागेवर नव्हती, चूक माझी, पाऊस सुमारे दीड इंच, साधन पत्र्याचा डबा व श्रीमती गोदाबाई यांची दोन बोटे.

चौथ्या दिवशी साहेब जीपने आले. कोट, टाय, हातात माझं पत्र. जीपमधून उतरता उतरताच सुरू झाले. "अहो, पाऊस मोजणं हे यंत्राचं काम आहे, बाईच्या बोटांचं नव्हे. यंत्रात नाही तो पाऊस खात्याला ठाऊक नाही."

माझं डोकं फिरलं. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी साहेबांवर ओरडलो. "साहेब, सकाळी आठला मी सहा भाग ढग कळवले होते! दहाला तुमचं निरभ्र आलं! माझी तार टेबलावर पडली होती ना? मग फळ्यावरचा कागद दुरुस्त करायला काय झालं होतं? एक तार जास्त लागली असती! दिवसातून एकदा खिडकी तरी उघडता का तुम्ही?"

साहेब शांतपणे म्हणाले, "एका ठिपक्यासाठी नकाशा बदलत नसतात. आणि तुम्ही ओरडताय कोणत्या तोंडाने? काकवीच्या?"

हाच तर संताप आहे माझा. माझं म्हणणं खरं होतं, शंभर टक्के खरं होतं, आणि ते बोलायचा अधिकार मी भाकरीबरोबर खाऊन बसलो होतो.

गोदाबाई मात्र थांबली नाही. ती साहेबांना "या सायेब, बघा तर खरं" म्हणत भट्टीकडे घेऊन गेली. चिखलाचा ढीग त्यांनी पाहिला, त्याने ते हलले नाहीत. मग तिने बाभळीखालच्या शे-दीडशे विटा दाखवल्या. झाडाच्या आडोशाने त्या अर्ध्यामुर्ध्या वाचल्या होत्या आणि नंतर कडक वाळल्या होत्या. त्यांच्या अंगावर थेंबांचे खळगे जसेच्या तसे उमटलेले, देवीच्या व्रणांसारखे. साहेबांनी चष्मा वर केला आणि एका खळग्यात करंगळी घातली. मग दुसऱ्या. बराच वेळ. माणूस वाईट नव्हता. खिडकी उघडायची सवय नव्हती इतकंच.

दाखला मिळाला. शब्दन् शब्द पाठ आहे : 'सदर दिवशी जोरदार पाऊस झाल्याची खात्री पटते. निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे मोजमाप उपलब्ध नाही.' ज्ञानूला तीन आठवड्यांची मुदत वाढवून मिळाली, आठही जोडपी राहिली आणि चाळी त्याच्याच विटांच्या उठल्या. पण मुदतीच्या कामासाठी तो कागद ओव्हरसिअरपासून कारकुनापर्यंत सगळ्यांना दाखवावा लागला. तेव्हा पिंपरी ते भोसरी माझा हलगर्जीपणा प्रत्येकाने वाचला, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कोणीतरी आवाज लावून वाचून दाखवला.

आणि बुधवारचा अंदाज? 'मोजमाप उपलब्ध नाही' म्हणून तो पडताळणीतून वगळला. चुकला असं आजही कुठे लिहिलेलं नाही! लाल शाई फक्त माझ्या नावापुढे. माझी बढती पुढच्या तुकडीवर गेली. त्याचं दुःख नाही, ती काकवीची किंमत होती. पण त्या निरभ्र आकाशाला कोणी जाब विचारला नाही, हे माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. तो श्रीखंडवाला हसतो ना, त्याला सांगा, ढगांनी फसवलं नव्हतं. ढग वाचणारा सकाळी आठला उभा होता, ढग सांगणारा आदल्या संध्याकाळच्या कागदावर बसला होता, आणि दोघांच्या मध्ये एक नियम होता.

तो नियम मी पुढच्याच हिवाळ्यात मोडला. पौषातली सकाळ, दव नाही, धूर सरळ, वर पुन्हा तोच करडा थर. बाटली जागेवर होती, नरसाळं जागेवर होतं. मी तार खिशात घातली, पण सायकल आधी उतारावरून भट्टीकडे सोडली. छाती फुगलेली. फळ्यावर काहीही येवो, आज मी माझ्या तोंडाने सांगणार होतो.

"गोदाबाई," मी लांबूनच ओरडलो, "कागदाची वाट पाहू नका! मी स्वतः आभाळ पाहिलंय. मध्यस्तर मेघ आहेत, वारा आग्नेयेचा आहे, दुपारनंतर पाऊस येणार. विटा झाका!"

गोदाबाईने मान वर केली. तिच्यामागे सगळ्या विटा रचून, पाचट घालून, वर दगड ठेवून झाकलेल्या होत्या. पहाटेच झाकल्या असाव्यात. ती हात पुसत म्हणाली, "आभाळ आमाला बी दिसतंय, मास्तर. तुमच्या बाटलीत काकवी हाय का, तेवढं सांगा. आसंल, तर पाऊस पक्का."